औंधचं म्युझियम बघायला जाताय? मग हे वाचून जा

साताऱ्याहून औंधला बरेच जण यमाईच्या दर्शनाला जातात आणि "आता आलोच आहोत तर" म्हणून येता-येता भवानी म्युझियममध्ये डोकावतात. तसं करू नका. मी केलंय. पाव्हण्यांना घेऊन भर उन्हात डोंगर चढून उतरलो, पोरं भुकेजलेली, अर्ध्या तासात सगळं उरकलं आणि गाडीत बसल्यावर कळलं की हेन्री मूरचं शिल्प बघायचंच राहिलं!

तर सकाळी लवकर निघा, रहिमतपूरमार्गे. आधी दर्शन, मग गावात पोटभर नाष्टा, मग म्युझियम, आणि दोन तास तरी हातात ठेवा. सुट्टीचा वार आणि वेळ आधी फोन करून विचारा, फोटोचं तिथं दारातच विचारा.

हे म्युझियम 1938 साली औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी उभं केलं, तेच ते सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे. स्वतः चित्रं काढायचे, त्यामुळं हा नुसता पैसेवाल्याचा शौक नाही हे आत गेल्यावर कळतंच. संस्थान केवढंसं आणि संग्रह केवढा!

सगळं बघायच्या भानगडीत पडू नका, पाय मोडतील. राजा रविवर्म्याच्या चित्रांपाशी मात्र थांबा. आपल्या आजीच्या देवघरात त्याची छापील लक्ष्मी असायची ना, ती वेगळी, इथं अस्सल तैलरंग आहेत. आधी साडीच्या काठाजवळ नजर न्या (हात नाही!), तिथं नुसते पिवळे-पांढरे ठिपके आणि फटकारे दिसतील, मग तसेच पाच-सहा पावलं मागं या, तीच जरीची किनार लखलखायला लागते. रंगावर उजेड चमकत असेल तर जरा बाजूला सरकून बघा.

मग हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड'. इंग्लंडच्या एवढ्या मोठ्या शिल्पकाराचं काम खटाव तालुक्यात, मला अजून नवल वाटतं. छोटंसं आहे, गडबडीत नजरेतून निसटतं म्हणून कुठं ठेवलंय ते आत शिरतानाच विचारा. नाक-डोळे शोधत बसू नका, आई कुठं संपते आणि पोर कुठं सुरू होतं तेवढंच बघा.

युरोपातल्या पुतळ्यांच्या प्रतिकृती चालता-चालता बघितल्या तरी चालतात. पोरांना तिथं सोडा, ती पुतळ्यांसारखी पोज देत बसतात आणि तुम्हाला परत एकदा रविवर्म्याकडं जाता येतं.