बाबांच्या रेडिओची पिवळी डबी: लहान ॲल्युमिनियमच्या डबीला स्प्रेनं रंग देताना

बाबांना उजव्या डोळ्यानं धूसर दिसतं, डाव्यानं जवळजवळ नाहीच. काळा रेडिओ निळ्या चादरीवर राहिला की त्यांना सापडत नाही, आणि दर वेळी कुणाला तरी हाक मारून मागायचा हे त्यांच्या जिवावर येतं. म्हणून माझ्या भाच्यानं तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून त्यांच्यासाठी मुठीत मावेल असा एफएम रेडिओ जोडला, आणि त्याची डबी रंगवायचं काम माझ्याकडे आलं. दीड मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, माप ११० बाय ६५ बाय २८ मिलिमीटर, दोन पेन्सिल सेल, तीन बटणं, स्पीकरसाठी बारीक भोकांची जाळी आणि बाहेर ओढायची एरियल. रंग पिवळा ठरला, कारण अंधूक नजरेला गडद चादरीवर पिवळा लगेच कळतो.

भोसरीत एका पेंट शॉपमध्ये मी अकरा वर्षं तपासणीचं काम केलं. तिथे एक गोष्ट अंगात मुरली: रंगाला जाडी असते. सुकलेल्या थराच्या जाडीला आम्ही 'डीएफटी' म्हणायचो आणि ती मायक्रॉनमध्ये मोजायचो. मोठ्या दाराला किंवा कपाटाला रंग देताना तिचा विचार करावा लागत नाही. मुठीतल्या वस्तूला मात्र करावाच लागतो. आमच्या डबीचा हिशोब सांगते. एच प्रायमर (धातूला धरून बसणारा, आम्ल असलेला पहिला थर) १० मायक्रॉन, पांढरा प्रायमर ३०, पिवळा ३५, वरचा पारदर्शक क्लिअर २५. झाले १०० मायक्रॉन, म्हणजे ०.१ मिलिमीटर. बटणाचं भोक ७ मिलिमीटरचं आणि बटण ६.८ चं. दोन्ही बाजूंनी ०.१ रंग चढला की फट संपली, बटण अडकलं. बोटांनी चाचपून बटण दाबणाऱ्या माणसाला अडकणारं बटण देऊन काय उपयोग? म्हणून रंग आणण्याआधी डबीचे सगळे भाग कोरडेच जोडून पाहा. बटणं दाबा, झाकण सरकवा, स्क्रू फिरवा. जिथे आत्ताच घट्ट आहे तिथे आत्ताच कानस मारा. मी तिन्ही भोकं गोल कानशीनं ७.३ पर्यंत वाढवून घेतली.

कानस हातात आहेच, तर सगळ्या कडाही मोडून घ्या. धारदार कडेवर ओला रंग थांबत नाही, तो मागे सरकतो आणि नेमकी कड उघडी पडते. खिशात घासून रंग पहिल्यांदा जातो तो तिथूनच. कड बोटावरून फिरवली तर टोचू नये, एवढी गोलाई पुरे. जाळीच्या भोकांमागची बर, म्हणजे भोक पाडताना उठलेली धार, काढायला मोठ्या मापाचं ड्रिल बिट नुसत्या हातानं एक-दोन वेळा फिरवायचं.

चालू-बंदचं बटण बाबांना बाकीच्या दोघांपासून वेगळं कळावं म्हणून त्याच्या शेजारी एम-सीलचा मोहरीएवढा ठिपका बसवला. अशी भर घालायची असेल किंवा पोच्यात पुट्टी भरायची असेल तर ती घासलेल्या उघड्या धातूवरच घाला. गाड्यांच्या डेंटिंगवाल्यांकडची हार्डनर घालून वापरायची पुट्टी एच प्रायमरवर बसवू नका. प्रायमरमधल्या आम्लानं तिचं पकडणं बिघडतं.

आता घासणं. ॲल्युमिनियमवर हवेनंच ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि त्यावर साधा प्रायमर नीट चिकटत नाही, महिन्याभरात नखानं पापुद्रा निघतो. आधी ३२० नंबरचा वॉटर पेपर, मग ४००, पाण्यात बुडवून आणि साबणाचा थेंब टाकून. चकाकी जाऊन सगळीकडे एकसारखा राखाडी मंदपणा आला पाहिजे. कोपऱ्यात कुठे चमक दिसली तर तिथे कागद पोचलेला नाही. सपाट बाजूंना कागद खोडरबराला गुंडाळून घासा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या रेघांचे खळगे पडतात आणि चकचकीत रंगाखाली ते उठून दिसतात.

मग भांडी घासायच्या साबणानं डबी स्वच्छ धुवा आणि नळाखाली तिरकी धरून पाहा. ही तपासणी मला सगळ्यात आवडते. पृष्ठभाग खरंच स्वच्छ असेल तर पाण्याचा पातळ पडदा अखंड राहतो. कुठे तेलाचा अंश उरला असेल तर तिथे पडदा फाटतो, पाणी मागे सरून थेंब होतात. पहिल्या धुण्यात माझ्या डबीच्या एका बाजूला बरोबर अंगठ्याच्या आकाराची कोरडी जागा उघडली होती. त्या दिवशी मी केसांना तेल लावलं होतं. पुन्हा धुतली, पुन्हा पाहिली. पडदा अखंड झाल्यावर डबी पुसायची नाही, उन्हात वाळवायची. त्यानंतर उघड्या हातानं शिवायचं नाही, नायट्राइलचे हातमोजे घालायचे. रंग मारायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडानं एकदा शेवटचा हात फिरवायचा. गाडीच्या डॅशबोर्डला चमक आणणारा सिलिकॉनचा स्प्रे त्या खोलीत चुकूनही उडवू नका. त्याचा कण जरी बसला तरी ओला रंग तिथून पळतो आणि गोल खड्डे पडतात.

मास्किंगचा, म्हणजे रंग नको तिथे टेप लावून झाकायचा, विचार मी 'धातूला धातू कुठे टेकतो' एवढ्याच प्रश्नानं करते. झाकण आणि डबी जिथे एकमेकांवर बसतात त्या कडा, स्क्रूचे आटे, आणि आत अर्थिंगची वायर जिथे स्क्रूनं कसली जाते ती जागा रंगाविना राहिली पाहिजे. रंग वीज वाहून नेत नाही. अर्थची जागा रंगली तर डबीचं कवच सर्किटपासून तुटतं, आणि हात लावला की घरघर येऊ शकते. आतली बाजू पूर्णच झाका. भोकांमध्ये मास्किंग टेपच्या सुरळ्या घट्ट बसवा. (रेडिओ करणाऱ्यांसाठी: मीडियम वेव्हची फेराइटची कांडी, म्हणजे आतली एरियल, धातूच्या डबीत घालू नका. लहरी आत पोचत नाहीत, आणि तो दोष रंगाचा नसतो.)

सामान मी बोहरी आळीतून आणलं: एच प्रायमरचा एक कॅन, पांढऱ्या प्रायमरचा एक, पिवळा आणि मॅट क्लिअर. दुकानात 'मेटल प्रायमर' म्हणून मागितलं तर बऱ्याचदा रेड ऑक्साइड हातात पडतो. तो लोखंडासाठी चांगला, ॲल्युमिनियमसाठी नाही. 'ॲल्युमिनियमला चालणारा एच प्रायमर' असं पूर्ण म्हणा आणि कॅनवर वाचून घ्या. पांढरा प्रायमर मधे का, तर पिवळ्या रंगाची झाकण्याची ताकद कमी असते. राखाडीवर थेट पिवळा मारला तर तो हिरवट, मळका दिसतो आणि आपण झाकायच्या नादात सहा-सहा हात देत बसतो. जाडी वाढली की पुन्हा बटणाचा प्रश्न आलाच. शक्यतो चारही कॅन एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे घ्या. दोन वर्षांपूर्वी एका टॉर्चच्या नळीवर मी सुकत आलेल्या इनॅमलवर दुसऱ्या जातीचा लॅकर मारला होता. दहा मिनिटांत अख्ख्या नळीवर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या आणि सगळं धातूपर्यंत खरवडावं लागलं. इनॅमलच्या कॅनवर बहुधा लिहिलेलं असतं की पुढचा हात तासाभरात द्या, नाहीतर एक-दोन दिवस थांबा. त्या दोन वेळांच्या मधे हात लावायचा नाही. हा नियम पाळाच.

पुण्यात यासाठी सगळ्यात चांगला काळ म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधली सकाळ, नऊ ते अकरा. दव उडालेलं असतं, वारा सुटलेला नसतो. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर रंगाचे कण डबीवर पोचायच्या आतच सुकतात आणि हाताला रवाळ लागतं. पावसाळ्यात उघडीप दिसली तरी हवेत ओल असते. लॅकर सुकताना गार होतो, ती ओल त्यावर बसते आणि रंगावर पांढरट धुकं येतं. असं झालंच तर खरवडू नका. कोरड्या दिवशी त्याच रंगाचा एक हलका हात मारला की बहुतेक वेळा धुकं विरतं. गणपतीच्या आधी घाईनं काही रंगवायचं असेल तर जुलैची वाट न पाहता मेच्या सकाळी उरकून घ्या.

आम्ही कसब्यात राहतो, गच्ची सगळ्यांची आहे. मार्चमध्ये तिथे कुरडया आणि पापडांचं वाळवण असतं. स्प्रेचा बारीक धुरळा वाऱ्याबरोबर कुठवर जाईल सांगता येत नाही. वाळवण पसरलेलं असेल त्या दिवशी कॅन उचलायचाच नाही. मी वरच्या काकूंना आदल्या दिवशी विचारून मंगळवार ठरवला. सकाळी गच्ची झाडली आणि अर्धा तास थांबून सडा टाकला, म्हणजे पायानं उडणारी धूळ बसते. पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं ठेवलं आणि त्यात डबी तारेनं टांगली.

स्प्रेमध्ये दाबासाठी सहसा एलपीजीसारखा पेट घेणारा वायू असतो. जवळ निरांजन, उदबत्ती, गॅस, काहीही पेटतं नको. घरात बंद खोलीत तर मुळीच नको. तोंडाला बांधलेली ओढणी वाफ अडवत नाही. कार्बनची काडतुसं असलेला मास्क लागतो. हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर घरी वापरू नका. त्यातल्या आयसोसायनेटनं कायमचा दमा जडू शकतो.

कॅन आतली गोळी खडखडायला लागल्यावर पुढे पूर्ण दोन मिनिटं हलवायचा. थंडी असेल तर तो कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकंच. ५० अंशांच्या वर कॅन नेऊ नये असं त्याच्यावरच छापलेलं असतं. पहिली फवारणी पुठ्ठ्यावर. मग डबीपासून एक वीत अंतर. माझी वीत वीस सेंटिमीटर भरते, तेवढं बरोबर आहे. बटण डबीच्या बाहेर दाबायचं, हात डबीवरून सरळ न्यायचा, पलीकडे बाहेर गेल्यावर सोडायचं. डबीवर असताना दाबलं किंवा सोडलं तर तिथे थेंब पडतो. मनगट वळवू नका, पूर्ण हात सरकवा. दुसरा पट्टा पहिल्याच्या निम्म्यावर यावा. आधी कडा आणि कोपरे, मग सपाट बाजू.

पहिल्या हातात खालचं दिसायलाच हवं. तो धुक्यासारखा, डागडाग असा बसतो आणि मन लगेच म्हणतं, अजून थोडा मारू. मारू नका. दहा मिनिटं थांबा. दुसऱ्या हातात तीन चतुर्थांश झाकलं जातं, तिसऱ्यात पूर्ण. जाळीच्या भोकांवर सरळ समोरून न मारता थोडं तिरकं मारा, म्हणजे भोकं बुजत नाहीत. ओघळ आलाच तर ओला असताना बोट लावू नका. दोन-तीन दिवस सुकू द्या, मग खोडरबरावर ६०० नंबरचा कागद लावून फक्त तो ओघळ उतरवा आणि वर एक हात द्या.

माझा क्रम असा झाला: एच प्रायमरचा एकच पातळ हात, पांढऱ्या प्रायमरचे दोन, मग रात्रभर थांबून ६०० नं हलकं घासणं, दुसऱ्या दिवशी पिवळ्याचे तीन, शेवटी मॅट क्लिअरचे दोन. मॅट यासाठी, की बाबांना खिडकीची तिरीप चकचकीत वस्तूवर पडली की डोळ्यांत जाते. मॅटमधली पूड तळाशी बसते, म्हणून तो कॅन दुप्पट वेळ हलवा, नाहीतर चट्टे पडतात. मॅट सुकल्यावर घासू नका, घासलेली जागा चमकायला लागते.

शेवटच्या हातानंतर साधारण वीस मिनिटांनी, रंग किंचित चिकट असतानाच, मास्किंग टेप मागे दुमडून हळू काढा. पूर्ण सुकला असेल तर आधी कडेनं ब्लेड फिरवा.

बोटाला लागत नाही म्हणजे रंग झाला असं नाही. आठवडाभर डबी तशीच ठेवा. नाकाशी धरा. थिनरचा वास येतोय तोवर आत अजून ओलं आहे. घट्ट खिशात किंवा उशीखाली ठेवली तर कापडाचा ठसा उमटेल. रंग चिकटलाय का हे पाहायचं तर डबीवर नको, त्याच दिवशी तसाच रंगवलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर पाहा. ब्लेडनं दोन-दोन मिलिमीटरवर सहा आडव्या आणि सहा उभ्या रेघा मारा, धातूपर्यंत. पंचवीस चौकोन होतात. त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. माझ्या तुकड्यावरचे पंचविसाव्यासकट सगळे जागेवर राहिले. एच प्रायमर न लावलेल्या दुसऱ्या तुकड्यावरचे अकरा पट्टीबरोबर निघून आले. दोन्ही तुकडे मी भाच्याला देऊन टाकले, तो पुढच्या डब्या करणार आहे.

आठव्या दिवशी बटणं बसवली, अर्थचा स्क्रू उघड्या धातूवर कसला, सेल घातले. बाबांनी डबी हातात घेऊन अंगठा फिरवला, मोहरीएवढा ठिपका सापडल्यावर थांबले आणि म्हणाले, "हे चालू करायचं ना?" चादर अजून तीच निळी आहे.