आपल्या रानातल्या अस्वलाचं चित्रपुस्तक घरी कसं बनवावं

मुलांच्या पुस्तकांतलं अस्वल बहुतेक वेळा तपकिरी असतं, नदीत उभं राहून मासे पकडतं आणि बर्फ पडायला लागला की गुहेत झोपी जातं. ते खोटं नाही, फक्त दुसऱ्या मुलखातलं आहे. नागपूरहून सकाळी निघालं तर दुपारच्या आत पेंच, बोर किंवा ताडोबाचं रान येतं. तिथलं अस्वल काळं, झिपरं, वाळवी खाणारं, आणि हिवाळाभर न झोपणारं. भारतात अस्वलाच्या चार जाती आहेत, त्यांतली महाराष्ट्रात ही एकच. तिचं पुस्तक बाजारात शोधण्यापेक्षा १६ पानांचं घरी किंवा शाळेत बनवणं सोपं पडतं. दोन रविवार पुरतात.

आधी अस्वल नीट समजून घ्या

लहान मूल अक्षराआधी चित्र वाचतं. चित्रात चूक असेल तर खालची ओळ कितीही बरोबर लिहा, मुलाच्या डोक्यात चित्रच राहतं. म्हणून पेन्सिल उचलण्याआधी एवढं पक्कं करा.

अंगावर लांब, विस्कटलेले काळे केस; मानेवर आणि खांद्यावर तर आयाळीसारखे. छातीवर पांढुरका पट्टा, इंग्रजी व्ही किंवा यू अक्षरासारखा. तोंड लांबट आणि फिकट राखाडी. नखं हस्तिदंती रंगाची, किंचित वाकडी, सात-आठ सेंटीमीटर लांब, आणि मांजरासारखी आत न जाणारी. उंची खांद्यापाशी ६० ते ९० सेंटीमीटर, म्हणजे जेवणाच्या टेबलाइतकी किंवा त्याहून थोडी कमी-जास्त. ही तुलना पुस्तकात जरूर घ्या, सेंटीमीटर पाच वर्षांच्या मुलाला कळत नाहीत.

सगळ्यात मजेची गोष्ट तोंडात आहे. या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. वारूळ नखांनी फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या, ओठांची नळी करायची आणि दातांच्या त्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची, असं त्याचं जेवण चालतं. शांत रानात तो आवाज शंभर मीटरच्या पलीकडेही ऐकू जातो. पहिलीतल्या मुलांचेही पुढचे दात पडलेले असतात, त्यामुळे हे पान वाचायला घेतलं की वर्गातली निम्मी मुलं तोंड उघडून दाखवतात.

एक भाषांतराची चूक इथेच टाळा. इंग्रजीत याला ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात, आणि त्यावरून काही ठिकाणी ‘आळशी अस्वल’ असं छापलेलं दिसतं. स्लॉथ हा दक्षिण अमेरिकेतला झाडाला लटकणारा प्राणी. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज अभ्यासकाने लांब नखं आणि दातांची रचना पाहून याला त्याच्याच कुळात टाकलं. अस्वल आळशी वगैरे काही नाही, पळायला लागलं तर माणसाला मागे टाकतं. मराठीत नुसतं ‘अस्वल’ लिहा.

बैठक, चाल, मान खाली घालून हुंगण्याची ढब हे फोटोतून कळत नाही. त्यासाठी नागपुरातल्या गोरेवाड्याच्या सफारीला एक फेरी करा. बस थांबते थोडाच वेळ, म्हणून तिथे चित्र पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका. पाठीची रेघ आणि पाय कुठे वळतात एवढंच दहा-बारा झटपट रेघांत टिपून घ्या.

पानांची मांडणी

सामान एवढंच: ए-थ्री आकाराचे कार्ट्रिज (चित्रकलेचे जाडसर) कागद ४ (आणि बिघडतील म्हणून २ जास्त), मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएमचा एक जाड कागद, जाड सुती दोरा ९० सेंटीमीटर, दाभण, मोठी सुई, मेणबत्ती, फूटपट्टी, कटर, काळा जलरंग, खळ, काळा घोटीव कागद २. नागपुरात बर्डीच्या किंवा इतवारीच्या बाजारात हे सगळं एका फेरीत मिळतं. कागद घेताना हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेने तो सहज वळतो तीच घडीची दिशा हवी. उलट दिशेने घडी घातली तर ती फाटल्यासारखी दिसते आणि पुस्तक धड उघडं राहत नाही.

चार कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की १६ पानं होतात. आता इथे सगळे गोंधळतात. कागद सुटा केला की १ नंबरच्या पानाशेजारी २ नंबरचं येत नाही, १६ नंबरचं येतं. खूण सोपी आहे: सुट्या कागदाच्या एका बाजूवर शेजारी असलेल्या दोन पानांची बेरीज नेहमी १७ भरली पाहिजे. १६ आणि १, २ आणि १५, १४ आणि ३, असं. आधी साध्या कागदाची तळहाताएवढी नक्कल करा, त्यावर आकडे घाला आणि मगच मोठ्या कागदाला हात लावा.

यातून एक फायदा निघतो. ८ आणि ९ ही दोनच समोरासमोरची पानं एका सलग कागदावर असतात. पुस्तकातलं सगळ्यात मोठं चित्र तिथेच टाका: पाठीवर दोन पिल्लं घेऊन निघालेली आई. पिल्लांना असं पाठीवरून नेणं ही या जातीची खास सवय आहे. पिल्लं बहुधा हिवाळ्यात, गुहेत किंवा खड्ड्यात जन्मतात, दोन-तीन महिन्यांनी बाहेर येतात आणि पुढे काही महिने आईच्या केसांना धरून फिरतात. आई मात्र उजव्या पानावर घ्या. डावीकडून नुसती पायवाट आणि गवत येऊ द्या, म्हणजे घडी फिकट भागावर पडेल. घडीवर गडद काळा रंग आला की पोस्टर कलरचे पोपडे निघतात. रंगीत झेरॉक्स काढली तर तिचा टोनरही तिथेच तडकतो.

बाकीच्या पानांचा क्रम असा ठेवता येईल. २-३ वर रात्रीचं रान आणि अंधारात फक्त एक फिकट नाक. ४-५ वर वारूळ आणि नखं. ६-७ वर जेवणाचा आवाज. १०-११ वर झाडं: मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, त्यानंतर टेंभरं आणि जांभळं, शिवाय उंबर आणि बहाव्याच्या शेंगा. १२-१३ वर विष्ठा. हो, विष्ठा. मोठ्यांना किळस येते, पण मुलांचं हे हमखास आवडतं पान असतं, आणि त्यात बियांनी भरलेला लगदा व त्यातून उगवलेलं रोप दाखवलं की अस्वल रान कसं पेरतं हे शब्दांशिवाय कळतं. १४-१५ माणसांसाठी.

काळं अस्वल काळं डबकं होऊ नये म्हणून

काळा रंग सपाट भरला की अस्वल दिसतच नाही, नुसता डाग दिसतो. दोन उपाय आहेत. पहिला मेणबत्तीचा: पांढऱ्या मेणबत्तीच्या टोकाने केसांच्या दिशेने रेघा ओढा, मग त्यावर पातळ काळा जलरंग फिरवा. मेणावर रंग बसत नाही आणि केस आपोआप उमटतात. छातीचा पट्टाही मेणानेच राखून ठेवा. मानेवरचे केस मागे आणि खाली, पोटाजवळचे विरळ.

दुसरा उपाय घोटीव कागद हाताने फाडण्याचा, आणि तो मुलांबरोबर जास्त रंगतो. या कागदाचा रंग एकाच बाजूला असतो, त्यामुळे फाडताना एका तुकड्याच्या कडेला पांढरी किनार सुटते आणि दुसऱ्याला सुटत नाही. पाठीच्या बाह्यरेषेला किनारवाले तुकडे लावा, अंगाच्या आत बिनकिनारीचे. बोटभर लांबीच्या पट्ट्या शेपटीकडून मानेकडे, कौलांसारख्या एकावर एक चिकटवत या. खळ पातळ असू द्या, जाड झाली की पान चुरगळतं.

डोळे लहान काढा. मोठे, गोल, पापण्यांचे डोळे काढले की खेळण्यातलं टेडी होतं. तसंच अस्वलाला सदरा, टोपी, हातात मधाची बरणी नको. नाकात वेसण तर मुळीच नको. आजी-आजोबांनी दरवेशाचं अस्वल नाचताना पाहिलेलं असेल, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा प्राणी संरक्षित आहे.

शब्द

पानाला १५ ते २० शब्द पुरे. अक्षर एक सेंटीमीटर उंच, म्हणजे पाच-सहा मुलं गोल करून बसली तरी दिसतं. ‘अस्वल’ या शब्दातच जोडाक्षर आहे, त्यामुळे पहिलीतलं मूल अडखळणार. इतर जोडाक्षरं शक्य तितकी टाळा. अस्वल ‘ते’, आई ‘ती’, पिल्लू पुन्हा ‘ते’. एकाच ओळीत दोन ‘ते’ आले की कोण कोणाच्या पाठीवर बसलं ते कळत नाही. ६-७ वर माहिती लिहूच नका. ‘फूऽऽ’ एका पानावर, ‘सूऽऽऽ’ दुसऱ्या पानावर. वाचताना मुलांच्या हातात शीतपेयाची नळी आणि वहीच्या कागदाचे बारीक कपटे द्या. आधी फुंकायचं, मग एक कपटा ओढून नळीच्या तोंडाशी धरायचा.

पान १४-१५: माणसांचं पान

‘अस्वल आलं की श्वास रोखून मेल्यासारखं पडायचं’ हे दोन मित्रांच्या गोष्टीतून प्रत्येक मुलाला पाठ असतं. ती गोष्ट मैत्रीची आहे, जंगलाची नाही. झाडावर चढणंही कामाचं नाही, अस्वल चढतं. पुस्तकात तीनच गोष्टी चित्रातून दाखवा: रानात मोठ्यांबरोबर जायचं, बोलत, काठी आपटत जायचं, अस्वल दूर दिसलं तर न पळता मागे सरकायचं. कारणही द्या. याचं नाक तिखट असतं, पण नजर आणि कान तितके चांगले नसतात. माणूस अचानक पुढ्यात आला की ते घाबरून अंगावर येतं. मोहफुलं वेचायला लोक झुंजूमुंजू होताना निघतात आणि अस्वलही तेव्हाच त्याच झाडाखाली असतं, म्हणून विदर्भात गाठ पडते. खाली बारीक अक्षरात वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लिहा. हल्ला झालाच तर पालथं पडून दोन्ही हातांनी मान झाकावी, ही सूचना मोठ्यांना तोंडी सांगा. चार वर्षांच्या मुलाच्या पानावर ते चित्र नको.

शिवण्याआधी चाचणी

पानं सुटी असतानाच चार-पाच मुलांना वाचून दाखवा, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक न दाखवता विचारा: अस्वल काय खातं? ‘मध आणि मासे’ असं उत्तर आलं तर ४-५ चं चित्र कमी पडतंय. वारूळ मोठं करा, वाळवीचे ठिपके वाढवा, नखं वारुळात रुतलेली दाखवा. अस्वल थंडीत झोपतं असं कोणी म्हटलंच, तर २-३ च्या रात्रीत पानगळीची झाडं आणि शेकोटी घाला. अस्वल जागंच दिसलं पाहिजे.

मग शिवण. घडीवर पाच भोकं: एक मधोमध, तिथून ६ आणि १२ सेंटीमीटरवर दोन्हीकडे. दोऱ्यावर मेण घासा. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या दुसऱ्या भोकातून आत, टोकाच्या भोकातून बाहेर, पुन्हा त्याच दुसऱ्या भोकातून आत. मधलं भोक ओलांडून खाली तसंच करा आणि शेवटी मधल्या भोकातून आत येऊन गाठ मारा. दोरा ओढताना घडीच्या रेषेत ओढा, आडवा ओढला की कागद फाटतो. आतली पानं किंचित बाहेर डोकावतील; कागद एकात एक बसल्यावर तसं होतंच. शिवून झाल्यावर फूटपट्टी घट्ट धरून कटरने बाहेरची कड एकदाच कापा. हे काम मोठ्या माणसाने करावं.

१६ वं पान कोरं ठेवा. सफारीत किंवा रानात मुलाला जे दिसेल, पंजाचा ठसा, उकरलेलं वारूळ, ते त्याने तारखेसकट तिथे काढायचं.