हमिंगबर्डसाठी सॅल्व्हिया लावताय? या चुका टाळा

न्यू जर्सीत एप्रिल सरता सरता रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड येतो. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला नेमाने घरटं करणारी हमिंगबर्डची ही एकच जात. त्याच्यासाठी हौसेनं सॅल्व्हियाची फुलझाडं लावणारे इथे बरेच आहेत, आणि फुलं आली पण पक्षी फिरकला नाही म्हणून खट्टू होणारेही.

घोटाळा बहुधा बी विकत घेतानाच होतो. सॅल्व्हियाच्या जाती हजाराच्या आसपास आहेत आणि सगळ्या हमिंगबर्डच्या कामाच्या नाहीत. निळी फॅरिनेशिया, जांभळी नेमोरोसा दिसतात छान, पण तिथे गर्दी मुख्यतः मधमाश्यांची. बियांपासून करायचं तर लाल, लांबट नळीच्या फुलांची कॉक्सिनिया घ्या. 'लेडी इन रेड' हा तिचा जुना, भरवशाचा वाण. गडद निळी 'ब्लॅक अँड ब्लू' पक्ष्यांना फार आवडते, पण ती छाट कलमानं वाढवतात. तिचं बी शोधत बसू नका, सरळ रोप आणा.

दुसरी चूक म्हणजे बी मातीत खोल पुरणं. सॅल्व्हियाच्या बियांना रुजायला उजेड लागतो. बी पेरायच्या ओल्या मिश्रणावर ठेवून बोटानं नुसतं दाबा. थोड्या वेळात बियांभोवती बुळबुळीत थर धरतो, सब्जा भिजवल्यावर धरतो तसाच. ती बुरशी समजून काही जण अख्खा ट्रे फेकून देतात! चिया हीसुद्धा सॅल्व्हियाच, हे लक्षात ठेवलं की भीती जाते. पाणी वरून ओतू नका, बी वाहून जातं. ट्रे पाण्यात ठेवून खालून शोषू द्या.

वसंतातल्या शेवटच्या फ्रॉस्टच्या (दव गोठवणाऱ्या थंडीच्या) 6 ते 8 आठवडे आधी पेरा. 21 ते 24 अंश सेल्सियसला एक-दोन आठवड्यांत कोंब येतात. गार बेसमेंटमध्ये ते रखडतात, मग आपण बियांना दोष देतो.

उगवलेली रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडली तर तो 'मर' हा रोग. आडवं पडलेलं रोप वाचत नाही, बाकीची वाचवायची. कोंब दिसताच प्लास्टिकचं झाकण काढा, माती दोन पाण्यांच्या मध्ये थोडी सुकू द्या, छोटा पंखा लावा. बागेतली माती ट्रेमध्ये भरण्याची काटकसर इथेच महागात पडते.

रोपं लांबुडकी, फिकट झाली तर उजेड कमी पडतोय. मार्चमधली खिडकी पुरत नाही. ग्रो लाइट, म्हणजे रोपं वाढवायचा दिवा, रोपांच्या दोन-तीन इंच वर, रोज 14 ते 16 तास हवा. पानांच्या तीन जोड्या आल्या की शेंडा खुडा. जिवावर येतं, पण त्यानंच फांद्या फुटतात.

रात्रीचं तापमान 10 अंशांच्या वर स्थिरावल्याशिवाय रोपं बाहेर लावू नका. त्याआधी आठवडाभर सावलीतून उन्हाची सवय करा, नाहीतर पानं पांढरी पडून करपतात.

झाड हिरवंगार पण फूल नाही? लॉनचं नत्रयुक्त खत तिथवर पोहोचतंय का ते बघा, आणि दिवसाला सहा तास ऊन मिळतंय का तेही. कीटकनाशक मारूच नका. हमिंगबर्ड नुसत्या मकरंदावर जगत नाही. पिल्लांना मादी बारीक किडे आणि कोळी भरवते.

सप्टेंबरात वाफा साफ करायची घाईही नको. दक्षिणेकडे निघालेल्या पक्ष्यांना तेव्हाच फुलं हवी असतात. शिवाय कॉक्सिनियाचं बी खाली पडून कधीकधी पुढच्या वर्षी आपसूक उगवतं, पण माती चांगली तापल्यावर, उशिरा. त्यामुळे मे-जूनमध्ये त्या जागी खुरपं जरा जपून चालवा.