मीटिंगमध्ये ‘हो’ म्हणणाऱ्याला नंतर पुन्हा विचारा
महापेच्या ऑफिसात मी सगळ्यांना एकाच साच्यातला मेल पाठवायचे, निम्म्यांची उत्तरंच यायची नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांनी १९२८ मध्ये वागण्याच्या चार तऱ्हा मांडल्या. त्या समजल्यावर माझी पद्धत बदलली. थेट बोलणाऱ्याला पहिल्याच ओळीत काय हवं आणि कधीपर्यंत, ते सांगा. बोलक्याला चहाला गाठा. बारकावे तपासणाऱ्याला तक्ता आदल्या दिवशी द्या. (शिक्का मात्र कुणावर मारू नका, महिनाअखेरीला बोलकाही तुटक होतो.)

सगळ्यात जपायचं ते शांत माणसाला. तो चारचौघांत मान डोलावतो. त्याची खरी अडचण मला घणसोली स्टेशनवर ठाणे लोकलची वाट बघताना कळली. ‘यात तुला कुठे अडेल?’ असं त्याला एकट्याला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका.