मोबाईल, केळीची बाग आणि एक भूत: कमी खर्चात भयपट कसा करावा

भुताचा मुखवटा विकत घेऊ नका. हौशी पोरांचा पहिला पैसा तिथेच जातो आणि पडद्यावर शेवटी मुखवटाच दिसतो. हाताशी पैसे कमी असतील तर भूत दाखवायचं कमी, ऐकवायचं जास्त. पुढचं सगळं या हिशोबाने करा.

1. आधी जागा, मग कथा

फुकट मिळेल आणि रात्री थांबू देतील अशी जागा शोधा. खानदेशात रावेर-यावलकडची केळीची बाग यासाठी अस्सल आहे. भर दुपारी आत अंधारून येतं, चार ओळींपलीकडचा माणूस दिसत नाही आणि वाळलेली पानं जराशा वाऱ्याने सळसळतात. बाग नसेल तर कुणाचं तरी बंद पडलेलं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर असतंच. लळिंगचा किल्ला आणि पाटणादेवीचं जंगल खुणावतील, पण संरक्षित वास्तू किंवा अभयारण्य म्हटलं की परवानग्या आल्या. पहिल्या फिल्मला तो व्याप नको.

कथा एका रात्रीची, दोन-तीन पात्रांची, आठ-दहा मिनिटांत संपणारी असावी. शेतीची वीज रात्री येते, म्हणून पोरगा एकटाच पाणी भरायला गेलाय. बांधावरून आईचा आवाज येतो, "कथा जाई ऱ्हायना रे? घर चाल." (कुठे चाललास रे? घरी चल.) तो घरी फोन लावतो, तर तिकडेही आईच बोलते. एवढं पुरतं. संवाद अहिराणीत किंवा लेवा बोलीत ठेवा, पुस्तकी मराठीत ही हाक पोकळ वाटते.

मुंजा, हडळ, चकवा, काय हवं ते घ्या. डाकीण मात्र घेऊ नका. सातपुड्याच्या पट्ट्यात बायकांना डाकीण ठरवून मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं आहे. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अशाच प्रकारांसाठी आहे. करमणुकीसाठी तो संशय पुन्हा पेटवायचं कारण नाही.

2. गावाला सांगा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध माणसांना मारलं. अनोळखी गावात रात्री पांढरी साडी नेसून, केस सोडून फिरणं किती धोक्याचं आहे ते यावरून ओळखा. शेतमालक, पोलीस पाटील आणि आजूबाजूचे शेतकरी यांना आधी भेटा. विहिरीचा काठ दिवसाच पाहून ठेवा आणि पायात बूट घाला. सापाला शूटिंग कळत नाही.

3. कॅमेरा आणि उजेड

मोबाईलमध्ये मॅन्युअल मोड लावा. सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे या शटरला ट्यूबलाइट लुकलुकत नाही. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर अंधारात मोबाईल स्वतःच उजेड वाढवून सगळं भुरकट करतो.

रात्रीचे लांबचे शॉट दिवसा घ्या. ऊन पात्राच्या मागून येऊ द्या, शटर जलद करून एक्स्पोजर दोन स्टॉप खाली (म्हणजे उजेड पाव हिश्शावर) आणा, व्हाइट बॅलन्स 3200 केल्विनवर ठेवा म्हणजे निळसर रात्र मिळते. अट एकच, फ्रेममध्ये आभाळ नको. केळीच्या छताखाली ते आपसूक साधतं. खऱ्या रात्री चार्जिंगची एक बॅटरी पात्राच्या मागे लांब ठेवा आणि उजेड तोंडावर परतवायला पुढून थर्माकोलचा तुकडा धरा. गोवरीचा धूर हवा असेल तर तोही मागच्या उजेडातच दिसतो. पाण्याची बादली जवळ असू द्या, वाळलेली पानं पेट घ्यायला वेळ लावत नाहीत.

ट्रॉलीसाठी सायकल वापरा. शेजारच्या मालेगावातल्या हौशी मंडळींनी सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन करून फिल्मा काढल्याच आहेत.

4. आवाज

पैसे उरले असतील तर ते इथे घाला. कॉलरचा साधा माइक दुसऱ्या मोबाईलला जोडून पात्राच्या खिशात ठेवा आणि प्रत्येक शॉटआधी टाळी वाजवा, जुळवताना कामी येते. मोटार चालू असेल तर तिची घरघर प्रत्येक संवादात शिरते, म्हणून वीज कधी येते ते शेतकऱ्याला विचारूनच वेळ ठरवा. निघण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती बाग रेकॉर्ड करा. संवादांमधल्या फटी तिनेच बुजवता येतात.

बाकीचे आवाज घरी करा. हाडं मोडायची असतील तर वाळलेली पऱ्हाटी (कापसाची काडी) माइकजवळ मोडा, अंगावर काटा येतो. ओलं फडकं पिळलं की मांस फाटल्यासारखं ऐकू येतं. आणि हाक येण्याआधी रातकिड्यांचा आवाज दोन सेकंद साफ बंद करा. कर्कश संगीतापेक्षा माणूस तिथे जास्त दचकतो.

5. रक्त, एडिटिंग, चाचणी

साखरेचा पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी, झालं रक्त. बीट गुलाबी दिसतं. पाकाला मुंग्या लागतात, तेव्हा रक्ताचा शॉट शेवटी घ्या.

एडिटिंगला कॉम्प्युटर असेल तर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. मग चार-पाच मित्रांना अंधाऱ्या खोलीत बसवून फिल्म दाखवा. तुम्ही पडद्याकडे पाहू नका, त्यांच्याकडे पाहा. ज्या ठिकाणी त्यांचा हात मोबाईलकडे जातो, तिथला शॉट कापा.