लहान मूल सारखं मारतंय? मारण्याआधी त्याला काय वाटलं, तिथून सुरुवात करा

दोन-तीन वर्षांचं मूल चावलं, ओरबाडलं म्हणून ते बिघडलं असं समजू नका. कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेम्बले यांनी मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून दाखवलं की मारणं-ढकलणं 2 ते 4 वर्षांच्या दरम्यान सर्वाधिक असतं आणि नंतर बहुतेकांचं कमी होत जातं. ज्यांचं होत नाही, त्यांच्यासाठी घरात पुढील गोष्टी कराव्यात.

आधी आठवडाभर नोंद ठेवा. मूल कोणाशी भांडलं, त्याआधी काय झालं आणि शेवटी त्याला काय मिळालं? हा शेवटचा प्रश्न टाळू नका. आई म्हणते, खेळणी आवर. मूल किंचाळतं, लाथा झाडतं. आई वैतागून नाद सोडते, मूल शांत होतं. त्या क्षणी दोघांचीही सुटका होते, पण किंचाळलं की काम टळतं हे मूल शिकतं. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी अनेक कुटुंबांत हेच चक्र पाहिलं. ते मोडायचं तर सूचना कमी द्या, आणि दिलेली सूचना आरडाओरडा न करता पूर्ण करून घ्या.

मूल मारत असताना उपदेश करू नका. हात धरा, ‘मारायचं नाही’ एवढंच म्हणा आणि ज्याला लागलं त्याच्याकडे आधी जा. तुम्ही मात्र हात उगारू नका. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांच्या 1961 च्या प्रयोगात मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला बडवताना पाहिलेल्या मुलांनी नंतर तिला तसंच बडवलं होतं.

खरं काम मूल शांत झाल्यावर सुरू होतं, आणि नेमकं तेच बहुतेक घरांत राहून जातं. खेळताना कोणाचा तरी धक्का लागून ठोकळ्यांचा मनोरा पडला, तर एक मूल म्हणतं ‘चुकून लागला’, दुसरं म्हणतं ‘मुद्दाम पाडला’ आणि ठोसा मारतं. मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी दाखवलं की आक्रमक मुलं अशा संदिग्ध प्रसंगांत समोरच्याचा हेतू इतर मुलांपेक्षा जास्त वेळा वाईट धरतात. त्यांच्या सहकाऱ्यांसोबतच्या 1990 च्या अभ्यासात, घरी शारीरिक इजा सोसलेल्या मुलांमध्ये असा चुकीचा अर्थ लावणं जास्त आढळलं. म्हणून विचारा: ‘त्याने का पाडला असेल? आणखी काय कारण असू शकतं?’ उत्तर लगेच येणार नाही. चित्रांच्या पुस्तकातले प्रसंग घेऊन रोज थोडं विचारत राहा. मोठ्यांनीही आपलं बोलणं तपासावं. शेजारी, नातेवाईक सगळे मुद्दामच त्रास देतात असं मूल दिवसभर ऐकत असेल, तर तेही जगाकडे तसंच पाहायला शिकेल.

याच्या जोडीला ‘माझी पाळी आहे’, ‘मला परत दे’ अशी वाक्यं खेळातून घोकून घ्या. राग आलेल्या मुलाला शब्द सुचत नाहीत, ते आधीच तोंडी बसलेले हवेत. त्याने हात आवरला की लगेच नेमकं सांगा: ‘राग आला तरी तू मारलं नाहीस, मागितलंस.’

झोप, भूक आणि घरातली भांडणं यांकडेही लक्ष द्या. नियम घरातल्या सगळ्यांचे एकच हवेत.

शाळेत जायच्या वयातही मारणं वाढतच असेल, इतरांना गंभीर इजा होत असेल किंवा मूल उशिरा बोलू लागलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि ऐकणं व बोलणं तपासून घ्यायला सांगा. नीट ऐकू न येणाऱ्या किंवा सांगता न येणाऱ्या मुलाचा राग अनेकदा हातातूनच बाहेर पडतो.