थंडीत सकाळी गिअर पंप तेल उचलत नसेल तर

डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याकडे पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. सरकीचं तेल गढूळ, जाड होतं आणि इंटर्नल गिअर पंप (मोठ्या दातेरी चाकाच्या आत लहान दातेरी चाक फिरून तेल पुढे ढकलणारा) सुरू करताच खडखडतो किंवा मोटर ट्रिप होते. मोटरचा वेग वाढवणं हा उपाय नव्हे. जाड तेल गिअरच्या दातांमधल्या जागेत भरायला वेळ घेतं. वेग वाढला की तिथे तेलाविना रिकामी राहणारी पोकळी आणखी वाढते.

१. मेन स्विच बंद करा. सक्शनची (पंप तेल ओढतो त्या बाजूची) जाळी काढून धुवा. तेलातला गोठलेला भाग तिथेच बसतो, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.
२. पंपाच्या हेडवर (पुढच्या झाकणावर) आणि सक्शन पाइपवर बारदान गुंडाळून गरम पाणी ओता. मोटरवर थेंबही नको. ब्लोटॉर्च तर अजिबात नाही, सील जळतं.
३. कपलिंग (मोटर आणि पंप जोडणारा भाग) हाताने दोन-तीन फेरे फिरवा. अडकलं तर पान्याने जोर लावू नका, आणखी शेक द्या.
४. पंपात थोडं कोमट तेल भरा, सक्शन आणि डिलिव्हरी (तेल बाहेर पडण्याच्या बाजूचा) असे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, मग चालू करा. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) असेल तर निम्म्या वेगाने.

रोजच हा त्रास होत असेल तर सक्शन पाइप एक साइज मोठा आणि शक्य तितका आखूड करा. खर्च एकदाच, आणि फरक लगेच कळतो.

सावधान: डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून हा पंप कधीही चालवू नका. दाब चढत जातो. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की उघडून तेलाला वाट देणारा) फक्त अडचणीच्या वेळेसाठी असतो. त्यातून तेल सतत फिरत राहिलं की पंप तापून खराब होतो.